दांडीवरची दुसरी खूण

रॉकेलमध्ये भिजलेल्या गंजाला एक वास असतो. वर्षानुवर्षं न उघडलेल्या लोखंडी ट्रंकेचं झाकण वर उचलल्यावर जो कोंदट, किंचित तिखट आणि तरीही हवाहवासा दर्प नाकाशी येतो, त्याच्या जवळपास जाणारा. रविवारी सकाळी पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी एक जुनी परात पुढ्यात घेऊन बसतो. परातीत चेन, छर्रे, नट, बोल्ट आणि पायडलचे सुटे भाग पहुडलेले असतात, आणि हा वास हळूहळू माझ्या बोटांत, बनियनमध्ये, शेजारी निवत चाललेल्या चहात उतरतो. बायकोला तो मुळीच सोसत नाही. "पाहुण्यांना टेकायला घरात जागा नाही, आणि सायकलींना मात्र स्वतंत्र खोली," असं ती आल्यागेल्याला ऐकवते, आणि पाहुणेही माझ्याकडे पाहून सहानुभूतीनं हसतात. मीही हसतो. काय सांगणार?

खोलीत अकरा सायकली आहेत आणि त्या सगळ्या एकाच जातीच्या, बीएमएक्स. तुमचं बालपण माझ्या आगेमागे सरलं असेल, तर हे नाव कानी पडताच तुमच्या पोटऱ्यांत काहीतरी हललं असेल. बुटकी, रुंद खांद्यांची, खडबडीत जाड टायरांची ती सायकल! हँडलच्या आडव्या दांडीवर स्पंजची गुबगुबीत उशी, पुढे शर्यतीतल्यासारखी आकडा लिहिलेली पिवळी पाटी, आणि मडगार्डचा पत्ताच नाही. धुळ्याला आग्रा रोडवरच्या आमच्या बी-बियाण्यांच्या दुकानासमोर माझी सायकल पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "कॅरेज नही, मडगार्ड नही, घंटी नही. हाई सायकल शे का सायकलना सांगाडा?" गंमत अशी की ती त्यांनीच मागवली होती. स्कॉलरशिपच्या परीक्षेत माझा नंबर लागला, म्हणून इंदूरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकरवी, कौतुकानं.

आणि त्याच दिवशी आबा तिला भांड्यांच्या बाजारात घेऊन गेले. आमच्याकडे घरात आलेल्या भांड्यावर नाव पडल्याशिवाय ते घरचं झालं असं कुणी मानत नाही. तांब्या असो, पातेलं असो, कुणाचं तरी नाव ठिपक्याठिपक्यांनी त्याच्या काठावर उमटतंच. भांड्यांच्या दुकानापुढे टर्रटर्र वाजणारं छोटंसं यंत्र घेऊन बसलेल्या त्या नाव घालणाऱ्याला आबांनी सांगितलं, आणि त्यानं हँडल जिथे सायकलीच्या मानेत उतरतं तिथे, लोखंडाच्या त्या बोटभर जागेत, 'चि. प्रमोद' अशी अक्षरं कोरली. सायकलीवर नाव कोरून घेणारं माझ्या माहितीतलं ते एकमेव घर. पोरं हसली. मला मात्र त्या ठिपक्यांवरून बोट फिरवताना वाटायचं की आता हे विश्वातलं एक वाहन निःसंदिग्धपणे माझं आहे.

ते सुख जेमतेम दोन वर्षं टिकलं, आणि त्यातलं अर्धं तर मी नाशिकच्या वसतिगृहात होतो. एका दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो ओसरीतली सायकल नाहीशी. पिंपळनेरचा एक शेतकरी दुकानात बियाणं न्यायला आला होता. आबांनी त्याच्या टेम्पोत ती चढवून दिली, त्याच्या मुलांसाठी, फुकट. मी रडून आकांत केला. आबांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता एवढंच म्हटलं, की गणितात नापास होणाऱ्याला सायकल कशाला हवी. मी खरोखरच गणितात नापास झालो होतो, त्यामुळे अपील करायला जागा नव्हती.

मनुष्य आपल्या दुःखाची गोष्ट किती निष्ठेनं सांभाळतो! मी ती गोष्ट पुढे कॉलेजात सांगितली, नोकरीत सांगितली, लग्नानंतर महिन्याभरात बायकोला सांगितली, आणि गेल्या काही वर्षांत तर माझ्यासारख्याच सायकलवेड्यांच्या ग्रुपवर इतक्यांदा सांगितली की तिथले लोक मला 'गणित' याच नावानं ओळखतात. बापानं एका नापास मुलाची सायकल दान करून टाकली, आणि तो मुलगा पन्नाशीत भंगाराच्या दुकानांतून आपलं हरवलेलं बालपण वेचत फिरतो, ही कथा ऐकणाऱ्याला रुचते आणि सांगणाऱ्याला शोभते. चाळीसगावच्या भंगारातून उचललेली पहिली सायकल मी साफ केली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी कुणापासून लपवलं नाही, उलट फोटोखाली लिहिलं.

आमच्या या छंदात दोन पंथ आहेत. एक पंथ सायकल सोलून काढतो, नवा रंग देतो, क्रोम चढवतो, आणि कालच दुकानातून आणल्यासारखी ती उभी करतो. दुसरा पंथ गंज तेवढा थांबवतो, आस आणि छर्रे मोकळे करतो, पण रंगाला हात लावत नाही. उडालेला टवका, घासलेली कड, वाकलेला ब्रेक, सारं जसंच्या तसं ठेवतो. मी दुसऱ्या पंथाचा, आणि कट्टर. रंग काढणं म्हणजे कुणाचं तरी चरित्र खरवडणं, असं मी ग्रुपवर अनेकदा ठणकावून सांगितलं आहे. कारण झिजलेली सायकल वाचता येते. डाव्या बाजूचं पायडल बाहेरून घासलेलं असेल तर स्वार भिंतीला टेकून उतरणारा असतो. हँडलची उजवी मूठ गुळगुळीत झाली असेल तर तो एका हातानं चालवून दुसरा हात मिरवत असणार. अकरा अनोळखी मुलांच्या सवयी मला आज अशा ठाऊक आहेत, आणि त्यांतल्या एकालाही मी कधी भेटलेलो नाही.

या वर्षी होळी उलटून गेल्यावर पिंपळनेरच्या एका भंगारवाल्यानं मला फोटो पाठवला. लाल रंगाचे पापुद्रे उरलेली, बिनसीटची, एका चाकात हवा तर दुसऱ्यात टायरच नाही अशी बीएमएक्स. सीट दांडीसकट निराळी काढून पोत्यात ठेवली आहे, असं त्यानं कळवलं. अशा सायकली मी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण गाव पिंपळनेर होतं. दुसऱ्याच दिवशी साक्रीमार्गे गेलो. भंगारवाल्याच्या अंगणात गुडघे टेकून हँडलच्या मानेवरचा चिखल अंगठ्यानं पुसला, आणि ठिपके हाताला लागले. 'चि.' स्पष्ट होतं, 'प्र' अर्धा खाल्लेला, 'मोद' शाबूत. मी तिथेच मातीत बसलो. भंगारवाला घाबरून पाणी घेऊन आला.

त्या सायकलीला मी तीन आठवडे हात लावला नाही; नुसता येता-जाता पाहत होतो. मग एका रविवारी परात घेऊन बसलो आणि ती उघडायला लागलो. आणि उघडता उघडता माझ्या ध्यानात आलं की या सायकलीचा स्वार मी नव्हेच. सीटच्या दांडीवर बोल्टच्या पकडीची एक कडी उमटते. जितक्या वेळा सीट एका उंचीवर आवळली जाईल तितकी ती कडी खोल. माझ्या उंचीची कडी वर, सीटच्या बुडाशी होती. तिच्या चार बोटं खाली, म्हणजे सीट तेवढी वर उचलल्यावर पडणारी, दुसरी कडी होती, आणि दोन्ही इतक्या खोल की नख अडकावं. एकदाच आवळून सोडून दिलेल्या सीटच्या त्या कड्या नव्हत्या. रोज उघडली, रोज आवळली, रोज पुन्हा खाली आणली, अशा सीटच्या होत्या. बोल्टचं डोकंही त्याची साक्ष देत होतं, पाना फिरून फिरून त्याचे कोपरे गोल झाले होते. शिवाय मागच्या चाकाच्या आसावर, फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला, काळ्या घट्ट ग्रीसमध्ये गुरफटलेले धागे निघाले. ते रॉकेलमध्ये धुतले तेव्हा त्यांचा फिकट हिरवा रंग दिसला. ओढणीचे धागे.

पिंपळनेरची कुणी मुलगी! केवढा आनंद झाला मला! माझ्याहून उंच, माझ्याहून कितीतरी पट सायकल चालवलेली, आणि कुणास ठाऊक कशासाठी रोज सीट खाली-वर करणारी. बहुधा धाकट्या भावाबरोबर वाटून घेत असेल, असा तर्क मी केला. मी तिच्यावर एक लांबलचक मजकूर लिहून ग्रुपवर टाकला. शेकडो लोकांना तो आवडला. माझी सायकल गेली ती वाया गेली नाही, कुण्या अनामिकेला तिनं पंख दिले, असलं बरंच काही त्यात होतं.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो, आणि लेकी-बहिणींसाठी आमच्याकडे दिवाळीहून तोच सण मोठा. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आमरसाचं जेवण होतं; आणि त्याच दिवशी गेलेल्या वाडवडिलांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजली जाते. आई-आबा गेल्यापासून माझं घर हेच अक्काचं माहेर. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, धुळ्यातच दिली, दोन मुलांची आई आणि एका नातीची आजी. शहरात जन्म गेला तरी तिच्या तोंडची बोली अजून शेतातली आहे, आणि माझ्याशी बोलताना तर ती हटकून अहिराणीवरच येते. गुडघे कुरकुरतात, पण उठण्याबसण्याचा तोरा तोच. सकाळी आम्ही दोघांनी मिळून आबांची घागर भरली. वर खरबूज ठेवलं, नमस्कार केला. जेवणं आटोपली, बायको आडवी झाली, आणि मी अक्काला मागच्या खोलीत घेऊन गेलो.

खरं सांगतो, मला शाबासकी हवी होती. ही बघ तीच सायकल, हे बघ माझं नाव, असं सगळं दाखवून झाल्यावर मी तिला त्या पिंपळनेरच्या मुलीची गोष्ट रंगवून सांगितली. दांडीवरच्या दोन कड्या दाखवल्या, काचेच्या बरणीत जपून ठेवलेले धागे दाखवले. अक्का स्टुलावर बसून ऐकत होती. बरणी तिनं हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, "पिंपळनेरनी पोर नही ती, पम्या. मी व्हती."

तुम्ही कधी ऐन वैशाखात दुपारी धुळ्यात असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल की बारा ते चार त्या गावात काय उरतं. दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, खिडक्यांवर ओल्या गोणपाटांचे पडदे पडतात, आणि रस्त्यांवर फक्त झळा नाचत राहतात. कुत्रंसुद्धा गटाराच्या सावलीतून हलत नाही. आबा जेवून तासभर झोपत. तो तास अक्काचा होता. मी नाशिकला असताना, दहावीच्या त्या वर्षात आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात, ती दुकानातल्या पेटीतून पाना काढायची, सीट चार बोटं वर घ्यायची, ओढणी तोंडाभोवती घट्ट गुंडाळायची आणि त्या भट्टीत बाहेर पडायची. दुपारचा कहर हाच तिचा पहारेकरी होता, कारण त्या वेळी तिला पाहायला रस्त्यावर कुणीच नसे. एकदा नाकातून रक्त आलं, तर तिनं आईला सांगितलं की गच्चीवर कुरडया उलथायला गेले होते. परत आल्यावर सीट पुन्हा खाली, पाना पुन्हा पेटीत, आणि ओल्या फडक्यानं सायकल टायरांपर्यंत पुसून काढायची, धुळीचा कण राहता कामा नये. एवढं सगळं आबांच्या एका झोपेत.

मला वाटलं, हौस असणार. वयच तसं. तिनं मान हलवली. अकरावीचं कॉलेज पांझरा नदीच्या पलीकडे होतं, आणि मुलीची जात एवढ्या लांब जाणार कशी, हा प्रश्न घरात तिच्या निकालाआधीच उभा होता. अक्का रोज तेच अंतर कापून पाहत होती. पुलावरून पलीकडे, कॉलेजच्या फाटकाला हात लावायचा आणि मागे. येऊनजाऊन पाऊण तास लागतो, वाटेत एकच चढ आहे, आणि तो न उतरता चढता येतो, हे तिनं पक्कं केलं होतं. दिवाळी झाली की आबांना शांतपणे सांगायचं, असा तिचा बेत होता. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती, म्हणाली.

आणि मग मी सुट्टीला एक दिवस आधी आलो. त्या दुपारी पाना दुकानात गिऱ्हाइकाच्या हाती गेला होता, सीट वरच राहिली होती. संध्याकाळी मी सायकलीवर टांग टाकायला गेलो तर पाय पुरेनात. "जेवताना तू आख्खं घर डोकावर लिधं व्हतं," अक्का म्हणाली. "मनी सायकलले कोनी हात लावा, मनी सीट कोनी वर कयी, म्हनीसन नुसता भोंगा." आबा जेवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, त्यांनी अक्काच्या हाताकडे पाहिलं. ती पोळी वाढत होती आणि तिच्या नखांत काळं तेल होतं. आबा ताटातलं संपवून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळनेरचा टेम्पो आला.

गणित! चाळीस वर्षं मी ज्या शब्दाभोवती माझं दुःख गुंडाळलं, तो शब्द आबांनी केवळ झाकण म्हणून वापरला होता. मुलीचं नाव चारचौघांत, धाकट्या भावासमोरसुद्धा निघू नये, म्हणून. त्यांनी तिला मारलं नाही, शब्दानं दुखावलं नाही. फक्त त्या दिवसापासून दुपारी आईची खाट ओसरीच्या दाराला आडवी पडू लागली. निकाल लागला, अक्काला मार्क चांगले मिळाले, आणि कॉलेज लांब पडतं यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं. तीन वर्षांनी तिचं लग्न होऊन गेलं. त्या लग्नात मी पंगतीत जिलबी वाढत होतो, हे मला स्वच्छ आठवतं. त्या दिवाळीच्या जेवणातला माझा भोंगा मात्र मला अजिबात आठवत नाही. तुम्हाला हे भयंकर वाटत नाही? मला वाटलं. आपल्या हातून झालेलं मन इतक्या सफाईनं पुसून टाकतं आणि आपल्यावर झालेलं मात्र ठिपक्याठिपक्यांनी कोरून ठेवतं!

मला लाज वाटली. त्या खोलीत, माझ्याच अकरा सायकलींच्या रांगेसमोर उभं राहणं नकोसं झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच थांबवलं. "जाऊ दे रे, तू बारा वरीसना व्हता." हे बोलताना तिचा आवाज साधा होता, त्यात उपकाराचा सूर नव्हता, आणि म्हणूनच तो मला अधिक लागला. रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. बाहेरच्या खोलीत आबांची घागर पाटावर तशीच होती, आणि मी पाणी प्यायला तिथून गेलो तेव्हा तिकडे पाहू शकलो नाही. आबांवर रागावू? त्यांनी मला जी सजा दिली असं मी जन्मभर समजत आलो, ती त्यांनी मला दिलीच नव्हती, अक्काला दिली होती. आणि त्यांना ती द्यायला लावलं कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काला सांगितलं की या सायकलीला मी कधीही रंग लावणार नाही. ही दांडी, ही कडी, हा गोल झालेला बोल्ट, सगळं असंच जपीन. खाली पाटी लावीन, ग्रुपवर खरी गोष्ट लिहीन, लोकांना कळू दे. बोलता बोलता मला गहिवरून आलं होतं. अक्का भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खुना तुले पाहिजे. माले सायकल पाहिजे."

मग तिनं जे सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो, कारण तिचे शब्द तसेच्या तसे लिहिताना माझा हात थांबतो. ती कडी पाहिली की तिला पाऊण तास आठवत नाही, पाना आठवतो. पाना वेळेत पेटीत गेला का, कुणी पाहिलं का, आबांनी कूस बदलली का, हे आठवतं. फ्रेमवरचा तो लांब ओरखडा पुलावरच्या चढाचा, तिथे ती पडली आणि ढोपर फुटलेलं असताना आधी सायकल पुसली. तुम्ही लोक ज्याला इतिहास म्हणता तो माझा नुसता धसका आहे, असा तिच्या बोलण्याचा अर्थ होता. तो धसका मी काचेच्या बरणीत घालून तिच्यापुढे धरला होता, आणि वर कौतुकाची अपेक्षा केली होती. आयुष्यभर झिजलेल्या वस्तू वाचण्याचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं हातात बरणी धरलेल्या बहिणीचा चेहरा वाचू नये, याला काय म्हणावं?

तरी मला दोन दिवस लागले. मूळ रंगातली, मूळ नावाची सायकल पुन्हा मिळत नाही, आणि जे एकदा खरवडलं ते परत येत नाही, हे माझ्या हाडीमासी मुरलेलं आहे. त्या दोन दिवसांत मी तिला निराळी सायकल देऊ केली. अकरांतली सर्वांत देखणी, निळी. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून पॉलिश पेपर घेतला आणि पहिला हात मारला. लाल रंगाची भुकटी अंगणात पडत राहिली. ओरखडा गेला, टवके गेले. दांडी बदलून नवी टाकली, बोल्ट नवा. हँडलच्या मानेशी आलो तेव्हा थबकलो, आणि मग माझ्या नावावरून मीच पेपर फिरवला. ते जायला फार वेळ लागला; त्या माणसानं ठिपके खोल मारले होते. बायको दारात उभी राहून पाहत होती. एरवी बोलली असती, त्या दिवशी चहा ठेवून गेली.

रंग कोणता, म्हणून विचारलं. मला वाटलं होतं अक्का निळा किंवा हिरवा म्हणेल. ती म्हणाली, "पांढरा लाव. धूय दिसाले पाहिजे." धूळ दिसली पाहिजे! जिनं एकेकाळी रोज ओल्या फडक्यानं धुळीचा कण न् कण टिपला, तिला आता आपण कुठे जाऊन आलो हे सायकलीवर दिसायला हवं होतं. त्या रात्री ग्रुपवर मी फोटो टाकला. माझ्याच पंथाच्या लोकांनी मला धारेवर धरलं. कट्टर माणसानं असं करावं, एका दुर्मीळ सायकलीची माती केली, असं एकानं लिहिलं. मी फोन बाजूला ठेवला. पहिल्यांदाच माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट होती आणि ती माझी नव्हती.

रंग वाळायला दोन दिवस गेले. अक्का धुळ्याला परत जायच्या आदल्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, मी सायकल अंगणात आणून ठेवली. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, तिला हीच वेळ बरी, कुणी बघणार नाही, पन्नाशी उलटलेली बाई लहान मुलांच्या सायकलीवर म्हणून कुणी हसणार नाही. ती बायकोचा पंजाबी ड्रेस घालून पायरीवर आली, उन्हाकडे पाहिलं आणि परत आत गेली. "मानसं भाईर येऊ दे," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन शांतपणे झोपली. चार वाजता उठली, चहा प्याली, वेणी घातली. साडेपाचला गल्लीत पाणी मारलं गेलं, ओट्यांवर खुर्च्या आल्या, भाजीची गाडी कोपऱ्यावर उभी राहिली, मुलांनी क्रिकेट मांडलं. तेव्हा ती उठली. ओढणी तिनं घेतलीच नाही.

पहिल्या दोन फेऱ्या डगमगत गेल्या. गुडघे बाहेर येत होते, हँडल आडवंतिडवं वळत होतं, मी मागे धरायला धावलो तर तिनं मान न वळवता नको म्हटलं. समोरच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. कुणीतरी हसलंही. तिसऱ्या फेरीला ती कोपऱ्यावर आली, भाजीच्या गाडीला वळसा घातला, आणि माझी अशी कल्पना की आता परत वळेल. वळली नाही. ती मोठ्या रस्त्याकडे सरळ निघून गेली.

मी फाटकाशी उभा होतो, आणि माझा फोन वाजला. दाजींचा, अक्काच्या यजमानांचा. फार मायाळू माणूस, तिला जपतात. फोन उचलत नाही म्हणून काळजीत होते. "कुठे आहेत तुमच्या अक्का? गुडघ्याची गोळी घेतली का त्यांनी? जास्त चालू देऊ नका बरं." मी रस्त्याकडे पाहिलं. कोपऱ्यापलीकडे ती दिसत नव्हती. सगळं सांगावं असं तोंडाशी आलं होतं, आणि खरं सांगतो, त्यात वाईट काही नव्हतं, दाजी हसलेच असते, कौतुकच केलं असतं. पण तिचं तिनं कधी, कसं, सांगायचं की नाही सांगायचं, हे तिनंच ठरवायचं होतं. त्या दिवाळीच्या जेवणाच्या वेळीही तसंच होतं, आणि वाक्यं तिची जुळवून तयार होती.

"घेतली गोळी," मी म्हणालो. "आली की फोन करायला सांगतो."

कधी येतील, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नाही, असं मी सांगितलं, आणि फोन खिशात टाकून तिथेच उभा राहिलो.